कागदावरचा पूर आणि दारातला पूर



आपला मुलूख कोरडवाहू. पावसाकडे डोळे लावून सरकी टोबायची, रब्बीला ज्वारी पेरायची आणि दिवाळीपर्यंत आभाळाचा अंदाज घेत बसायचे, हा आपला पिढ्यान् पिढ्यांचा धंदा. अशा मुलखातल्या माणसाशी पुराच्या रेषेची गोष्ट काढली तर तो हसेल. "अहो, प्यायला पाणी नाही आणि पूर कसला सांगता?" असे विचारील. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणी भरून पाणी आणावे लागले, हे सगळ्या देशाने पाहिले. पण त्याच वर्षीच्या परतीच्या पावसात मांजरा धरण भरले, हे फार कोणाच्या ध्यानात राहिले नाही. पुढे २८ सप्टेंबर २०२१ रोजी त्याच मांजरा धरणाचे १८ च्या १८ दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या गावांत माणसे अडकून पडली. १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रातल्या हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली या गावांत झोपलेल्या लोकांच्या घरात पाणी शिरले, माणसे दगावली. पुढच्याच महिन्यात सगळ्या मराठवाड्याची उभी पिके पाण्याखाली गेली.

म्हणजे दुष्काळही आपला आणि पूरही आपलाच. म्हणून या वेळच्या जिल्हा बैठकीसाठी आम्ही एक रुक्ष वाटणारा, पण घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला विषय मांडत आहोत. तो म्हणजे पूररेषा, आणि ती रेषा चुकली असेल तर दुरुस्त कशी करून घ्यायची.

रेषा म्हणजे काय?

पूररेषा दोन. एक निळी, दुसरी लाल. राज्याच्या पाटबंधारे विभागाने २१ सप्टेंबर १९८९ रोजी एक परिपत्रक काढले आणि नदीकाठच्या जमिनीची अशी विभागणी सांगितली. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती लाल रेषा. नदीवर धरण असेल तर धरणातून सोडावे लागणारे पाणीही हिशेबात धरायचे. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, म्हणजे तिथे बांधकाम नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधला पट्टा नियंत्रित, म्हणजे तिथे अटी पाळून बांधकाम.

आज लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनेही हेच धोरण ठेवले आहे. दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात घर बांधायचे तर जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर, म्हणजे सुमारे दीड फूट, उंच पाहिजे. निळ्या रेषेच्या आत असलेले जुने अधिकृत घर पाडून नव्याने बांधायचे तर तीच उंची, शिवाय पाटबंधारे खात्याचे ना-हरकत पत्र.

"१०० वर्षांतून एकदा" या शब्दांनी फसू नका. एकदा पूर येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत चिंता नाही, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक, एवढाच अर्थ. लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो. घराचे आयुष्य ३० वर्षे धरले तर लाल रेषेवरच्या घराला एकदा तरी पाणी लागण्याची शक्यता शंभरात २६ निघते. निळ्या रेषेवरच्या घराची २५ वर्षांतली शक्यता शंभरात ६४. म्हणून रेषा ही काही साहेबांची लहर नव्हे. बरोबर मारलेली रेषा माणसाचा जीव वाचवते. आमचे भांडण रेषेशी नाही. आमचे भांडण चुकीच्या रेषेशी आहे, आणि चूक दाखवल्यावरही ती न पुसणाऱ्या कारभाराशी आहे.

चूक होते कुठे?

रेषा आभाळातून पडत नाही. नदीच्या पात्राचे ठराविक अंतरावर आडवे छेद घेतात. काठ किती उंच, तळ किती खोल, पात्र किती रुंद हे मोजतात. पाऊस किती पडू शकतो, धरणातून किती पाणी सुटू शकते याचा हिशेब करतात. मग संगणकावर गणित मांडून प्रत्येक छेदाला पाणी किती उंचीपर्यंत चढेल ते काढतात. ही उंची समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये असते. नांदेडला गोदावरीची धोक्याची पातळी ३५४ मीटर सांगतात ती अशीच. शेवटी ही उंची जमिनीच्या नकाशावर उतरवतात आणि रेषा तयार होते.

या प्रत्येक पायरीवर चूक शिरू शकते.

पहिली चूक उंचीची. आपल्या काळ्या जमिनीचा उतार फार थोडा. समजा नदीकाठाला हजार फुटांना दोन फूट उतार आहे. अशा जमिनीत उंची मोजताना एका फुटाची गफलत झाली तर नकाशावरची रेषा पाचशे फूट सरकते. तीन फुटांची गफलत झाली तर दीड हजार फूट. एवढ्यात अर्धे गाव आत येते नाही तर बाहेर जाते. आता सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा १० किंवा २० मीटरच्या फरकाने काढलेल्या असतात. तसल्या नकाशावरून कोणी पुराची रेषा मारली, तर ती एखाद्या घराच्या दारातून जाते की परसातून, हे कोणता देव सांगणार? त्याला जागेवर जाऊन, दुर्बीण लावून, माहीत असलेल्या खुणेपासून लेव्हल घ्यावी लागते.

दुसरी चूक जुन्या मापांची. नदी जागची हलत नाही असे कचेरीला वाटते. पण पात्रातली वाळू उपसली की तळ बदलतो. मांजरेवर आणि गोदावरीवर बंधारे झाले. नांदेड जिल्ह्यात आमदुरा, बळेगाव, बाभळी अशी उच्च पातळी बंधाऱ्यांची रांग आहे. खाली तेलंगणात पोचमपाडचे धरण, त्याचा फुगवटा वर येतो. बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवायचे, असा सर्वोच्च न्यायालयाचा २८ फेब्रुवारी २०१३ चा निकाल आहे. नांदेडच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी, आणि तिच्यावर जायकवाडी, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर या सगळ्यांचे सोडलेले पाणी येऊन आदळते. शिवाय शहराला लागून आसना. अशा नदीचे छेद बंधारे होण्याआधीचे आणि रेषा आजची, असे असेल तर ती रेषा कोणत्या नदीची म्हणायची?

तिसरी चूक गट नंबरची. रेषा गटाच्या खालच्या कोपऱ्याला चाटून गेली, तरी यादीत सगळा गट "पूररेषेत बाधित" म्हणून येतो. चार एकरांपैकी पाच गुंठे ओढ्याच्या बाजूला सखल, घर मात्र वरच्या टेकाडावर. पाणी टेकाडावर कधी चढले नाही, पण दाखला मागायला गेले की उत्तर एकच : गट रेषेत आहे. यात चूक पाण्याची नाही, यादी करणाराची आहे.

चौथी चूक नकाशावर नकाशा बसवण्याची. गावाचा जुना कागदी नकाशा संगणकात घेताना थोडा फिरला, थोडा ताणला गेला, की वरची रेषा खालच्या दुसऱ्याच घरावर जाऊन बसते. आता गावठाणाचे ड्रोनने भूमापन होऊन, स्वामित्व योजनेतून, घरोघर मिळकत पत्रिका देण्याचे काम २०२० पासून चालले आहे. चांगले काम आहे. पण त्याचा एक परिणाम ध्यानात घ्या. प्रत्येक घराची हद्द नकाशावर आली, म्हणजे कोणतीही रेषा प्रत्येक घरावर टाकणे सोपे झाले. रेषा खरी असेल तर खरेपणा घरोघर पोचेल. खोटी असेल तर खोटेपणाही तितक्याच वेगाने पोचेल.

नुकसान कोणाचे?

शहरातला बंगलेवाला रेषेत आला तर तो वकील देतो, आर्किटेक्ट देतो, मुंबईला चकरा मारतो. आपल्या माणसाचे काय? त्याच्याजवळ दोन चीजा. एक कोरडवाहू जमीन, जिच्या पिकाला भाव नाही. दुसरी राहते घर. पोरीच्या लग्नाला, पोराच्या शिक्षणाला, दवाखान्याला पैसा लागला तर याच दोहोंवर उचल मिळते. घराच्या जागेवर रेषा आली की बांधकामाची परवानगी अडते, कर्ज देणारा मागे सरतो, गिऱ्हाईक निम्म्या भावात मागते. पडके घर दुरुस्त करायचे तरी दहा ठिकाणी हात जोडायचे. ज्या गावात कालवा चाळीस वर्षांत आला नाही, तिथे कालव्याच्या खात्याची रेषा मात्र आली, असा हा प्रकार.

आणि जिथे चुकीचा कागद, तिथे दलाल. "रेषेच्या बाहेर असल्याचा दाखला मिळवून देतो" म्हणणारा माणूस कचेरीच्या पायरीवर उभा राहतो. रेषा खरी असेल तर तो विकतो ते मरण आहे, खोटी असेल तर आपलाच हक्क तो आपल्याला विकतो. दोन्ही सौदे घाट्याचे.

पण एवढेच सांगून थांबलो तर आम्ही अर्धे खरे सांगितले असे होईल. चूक दोन्ही अंगांनी होते. कोरडे घर रेषेत धरले तर माणसाचे धन जाते. बुडणारे घर रेषेबाहेर ठेवले तर माणूस जातो. ज्या घराला २०२१ ला छातीइतके पाणी होते आणि नकाशावर ते घर रेषेच्या बाहेर आहे, तिथे माणूस निर्धास्त झोपतो, गावाच्या बचावाच्या यादीत त्याचे नाव नसते, पुनर्वसनाची मागणी केली तर "तुम्ही पूररेषेत नाही" हे उत्तर मिळते. म्हणून "सगळ्या रेषा रद्द करा" ही मागणी आम्ही करणार नाही. ती मागणी बिल्डरांची आहे आणि तिला शेतकऱ्याचे तोंड वापरू देऊ नका. पुण्यात मुळा-मुठेच्या पूररेषांवरून नागरिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचा आक्षेप रेषा मोठ्या असल्याचा नव्हता, तर रेषा नदीकडे सरकवून जमीन बांधकामाला मोकळी केल्याचा होता. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्याजवळची एकतानगरी पाण्यात गेली, हे त्याच पुण्यात घडले. उलट चिपळुणात २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर लोकांचे म्हणणे होते की आधी वाशिष्ठीतला गाळ काढा, मग रेषा मारा. दोन शहरे, दोन उलट तक्रारी. मागणी मात्र एकच निघते : मोजणी खरी करा आणि सगळ्यांसमोर करा.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय जल आयोगाने १९७५ साली पूरमैदानांच्या विभागणीसाठी एक नमुना विधेयक करून राज्यांना पाठवले. मणिपूरने १९७८ ला कायदा केला, राजस्थानने १९९० ला, उत्तराखंडने २०१२ ला. महाराष्ट्राने असा स्वतंत्र कायदा केलेला नाही. इथे काम चालते ते परिपत्रकावर आणि नगररचनेच्या नियमांवर. परिपत्रक हे खात्याने खात्याला लिहिलेले पत्र असते. त्यात रेषा कशी मारायची हे असते. ज्याच्या घरावर ती मारली त्याने कुठे दाद मागायची, किती दिवसांत उत्तर मिळायचे, हे नसते. जमिनीचा तुकडा सरकारला घ्यायचा असेल तर नोटीस द्यावी लागते, हरकत ऐकावी लागते, मोबदला द्यावा लागतो. रेषा मारून त्याच तुकड्याची किंमत निम्मी केली तर घरमालकाला साधे पोस्टकार्डही येत नाही.

तरी एक दार उघडे आहे, ते ओळखून ठेवा. २०२० च्या नियमावलीत असे स्पष्ट लिहिले आहे की विकास आराखड्यात किंवा प्रादेशिक योजनेत दाखवलेली निळी-लाल रेषा पाटबंधारे खात्याने बदलली, तर आराखड्यातली रेषाही बदलली असे समजले जाईल. म्हणजे आराखडा नव्याने मंजूर होण्याची वीस वर्षे वाट पाहण्याचे कारण नाही. किल्ली पाटबंधारे खात्याकडे, आजच्या जलसंपदा विभागाकडे, आहे. तिथून रेषा दुरुस्त झाली की पालिकेला किंवा नगररचनेला "आमच्या हातात नाही" म्हणता येत नाही. त्याच नियमावलीत आणखी एक सवलत आहे. बांधकामाला योग्य विभागातल्या प्लॉटचा काही भाग रेषेत गेला, तर त्या भागाचे चटईक्षेत्र उरलेल्या भागावर वापरू देता येते. गटाचा कोपरा रेषेत म्हणून सगळा गट बाद, असे कोणी म्हणाले तर हे कलम दाखवा.

एक गैरसमजही दूर करू. काही जण तहसीलदाराकडे महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली अर्ज देतात. ते कलम हक्कनोंदीतली लेखनचूक दुरुस्त करायला आहे. सातबारावरचे नाव चुकले, क्षेत्र चुकले, तर तिथे जावे. पूररेषेची उंची तहसीलदार बदलू शकत नाही. चुकीच्या दारात वर्ष घालवू नका.

दुसरीकडे काय करतात?

अमेरिकेत १९६८ पासून सरकारी पूरविमा योजना आहे आणि तिच्यासाठी देशभर पुराचे नकाशे केलेले आहेत. तिथेही नकाशे चुकतात. फरक एवढाच की चूक होणार हे सरकारने गृहीत धरले आणि दुरुस्तीची वाट आधीच करून ठेवली. नकाशात आपले घर पूरक्षेत्रात दाखवले आहे, पण जमीन प्रत्यक्षात पुराच्या पातळीपेक्षा उंच आहे, असे ज्याला वाटते तो मालक परवानाधारक सर्व्हेअरकडून घराशेजारच्या सर्वांत सखल जमिनीची उंची मोजून घेतो आणि अर्ज करतो. अर्जाला फी नाही, सर्व्हेअरचे पैसे मात्र मालकाने द्यायचे. सगळे कागद पोचल्यापासून ६० दिवसांत सरकारने निर्णय द्यायचा. मान्य झाले तर त्या एका घरापुरती नकाशाची दुरुस्ती झाल्याचे पत्र मिळते. सगळा नकाशा नव्याने होईपर्यंत थांबायचे कारण नाही.

अमेरिकेचे सगळे आम्हाला पटते असे नाही. तिथले शेतकरी सबसिडीवर जगतात आणि त्याचा मार आपल्या कापसाला बसतो, हे आपण जाणतो. पण ही गोष्ट साधी आहे, न्यायाची आहे आणि उचलण्यासारखी आहे. एका घराची चूक, एक अर्ज, एक मोजणी, एक मुदत. आपल्याकडे सातबाराच्या फेरफाराला मुदत असते, मोजणीला नियमित, द्रुतगती असे प्रकार असतात. मग रेषेच्या दुरुस्तीलाच मुदत का नसावी?

आमच्या मागण्या

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांच्या बैठकीत पुढील मागण्या ठरावाने मंजूर व्हाव्यात, असा आमचा प्रस्ताव आहे.

एक. ज्या गावाच्या किंवा शहराच्या नकाशावर पूररेषा आहे, तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत तो नकाशा लावावा. त्यावर रेषा कधी मारली, छेद कोणत्या वर्षीचे, धरणातून किती विसर्ग धरला आणि प्रत्येक छेदाला पुराची पातळी किती मीटर, हे मराठीत लिहावे.

दोन. नकाशावरची पातळी जमिनीवर आणावी. शाळेच्या भिंतीवर, चावडीवर, पुलाच्या खांबावर निळा आणि लाल पट्टा मारावा. अडाणी माणसालाही मग आपले घर पट्ट्याच्या वर की खाली हे कळेल आणि दलालाचा धंदा बसेल.

तीन. गटावर नव्हे, जागेवर निर्णय व्हावा. गटाचा जेवढा भाग रेषेत तेवढाच बाधित धरावा.

चार. एका घराच्या दुरुस्तीचा अर्ज जलसंपदा विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे घेण्याची पद्धत ठरवावी. हे काम महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करावे, म्हणजे मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील तिन्ही आपोआप येतील. चूक खात्याची निघाली तर मोजणीचा खर्च खात्याने सोसावा.

पाच. नदीवर नवा बंधारा झाला, पूल झाला, भराव झाला किंवा मोठा पूर येऊन गेला, की त्या भागाचे छेद नव्याने घ्यावेत. २०२१ आणि २०२५ च्या पुराच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. त्या पुसल्या जाण्याआधी नोंदवाव्यात.

सहा. धरणाच्या दरवाजांचा कारभार रेषेच्या कारभारापासून वेगळा धरू नये. धरण आधीच काठोकाठ भरून ठेवले आणि मग रातोरात सोडले, तर कोणतीही रेषा कामाची नाही. विसर्ग किती आणि कधी, हे खालच्या गावांना वेळेत कळलेच पाहिजे.

सात. जी घरे खरोखर निळ्या रेषेच्या आत आहेत, त्यांना नुसती बंदी नको, पर्यायी गावठाण द्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेतली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. सरकारने मनावर घेतले तर गाव हलते, हे आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. फक्त तिथे माणसे मेल्यावर हलले. नदीकाठी ती वेळ येण्याआधी हलावे.

आपण काय करायचे?

मागण्या सरकारकडे, पण काम आपल्याकडेही आहे. नुसत्या घोषणेने लेव्हल बदलत नाही.

पहिले काम माहितीचे. माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. चार गोष्टी मागा : रेषेचा नकाशा, छेदांची तारीख, धरलेला विसर्ग आणि आपल्या गावाजवळच्या छेदाची पूरपातळी. या चार गोष्टी हातात आल्याशिवाय भांडायला उभे राहू नका.

दुसरे काम खुणांचे. गावातल्या जाणत्या माणसांना घेऊन कोणत्या पुरात पाणी कुठवर आले ते ठरवा. देवळाची पायरी, शाळेची खिडकी, विजेचा खांब अशा पक्क्या खुणा धरा. तारखेसह लिहा, फोटो काढा, पंचनाम्याच्या नकला मागून घ्या आणि ग्रामसभेच्या ठरावात नोंद करा. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची असते, म्हणून "आमच्या आठवणीत पाणी आले नाही" हा एकच पुरावा पुरत नाही, हेही समजून घ्या. आठवण आणि लेव्हल दोन्ही जुळले पाहिजे.

तिसरे काम मोजणीचे. एकट्याने सर्व्हेअर आणू नका, खर्च झेपणार नाही. नदीच्या एका पट्ट्यातली घरे एकत्र करा, एकदाच लेव्हल घ्या, खर्च वाटून घ्या. लेव्हल रस्त्यापासून घेऊ नका, रस्ता दरवर्षी वर चढतो. समुद्रसपाटीची उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेपासूनच घ्या आणि ती खूण कोणती हे कागदावर लिहून घ्या. खात्याची पूरपातळी ज्या खुणेवरून मोजली तीच असेल तर उत्तम.

चौथे काम मुदतीचे. शहराच्या प्रारूप विकास आराखड्याची नोटीस निघते तेव्हा हरकतींना ३० दिवस असतात. ती नोटीस कोपऱ्यात छापून येते आणि आपण सोयाबीनच्या काढणीत असतो. प्रत्येक तालुक्यात दोन तरुण नेमा, ज्यांचे काम एवढेच : नोटिशींवर नजर ठेवायची आणि गावाला कळवायचे.

पाचवे काम सगळ्यांत अवघड. मोजणीत आपले घर खरोखर खाली निघाले, तर ते कबूल करायचे. शेजाऱ्याचे वर निघाले आणि आपले खाली, म्हणून कागद फिरवायचा नाही. एका खोट्या लेव्हलने सगळ्या गावाचा खरा अर्ज बुडतो. आणि कागद फिरवून पाणी फिरत नाही. खाली निघालेल्या घरांसाठी सातवी मागणी आहे, तिच्या मागे सगळ्या गावाने उभे राहायचे. वरच्या घरांनी आपली सुटका झाली म्हणून घरी बसायचे नाही.

शेतकऱ्याला मोजमाप नवे नाही. कापसाच्या काट्यात किती मारले जाते, ज्वारीच्या मापात किती घट धरतात, हे मोंढ्यात उभ्या उभ्या ओळखणारी आपली जात आहे. तराजू नको असे आपण कधी म्हटले नाही, काटा सरळ असावा एवढेच म्हटले. पुराच्या रेषेबाबत याहून वेगळे मागणे नाही.

बैठकीला येताना आपल्या गावाचा नकाशा, मिळकत पत्रिका किंवा आठ-अ चा उतारा आणि पुराच्या खुणांची यादी सोबत आणावी. तालुकावार टेबले मांडून माहिती अधिकाराचे अर्ज तिथल्या तिथे लिहून घेतले जातील. ज्या गावात नकाशाच नाही, त्या गावाने "नकाशा नाही" एवढे तरी ग्रामपंचायतीकडून लेखी आणावे. तेही मोठे काम आहे.